रिहॅबच्या ज्युनियर डॉक्टरांना वयस्कर पेशंट बघायला कसं शिकवायचं

आधी प्रोजेक्टर बंद करा. हे मी त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांच्या हाताखाली पीएमआरचे (म्हणजे रिहॅबचे, आजार-ऑपरेशननंतर माणसाला परत चालतं-फिरतं करणाऱ्या शाखेचे) रेसिडेंट, फिजिओचे इंटर्न किंवा नवीन पास झालेले डॉक्टर आहेत आणि ज्यांना कुणीतरी सांगितलंय की बाबा यांना जेरियाट्रिक्सचं, म्हणजे म्हातारपणाच्या आजारांचं, पण थोडं शिकवा. मी सोलापुरात फिजिशियन आहे, रिहॅबच्या पोरापोरींना शिकवणं बरीच वर्षं चालूय, आणि एक गोष्ट पक्की झालीय की म्हाताऱ्या माणसाचं रिहॅब व्यायामापाशी क्वचितच अडतं. ते अडतं गोळ्यांच्या पिशवीपाशी, उभं राहिल्यावर पडणाऱ्या बीपीपाशी, कानापाशी, संडासापाशी आणि ताटापाशी. ज्युनियरना गुडघा आणि खुबा छान येतो, पण त्या खुब्याला जोडलेला ८० वर्षांचा माणूस कसा बघायचा हे त्यांना कुणी हाताला धरून दाखवलेलं नसतं. ३ वर्षांच्या एमडीमध्ये हा विषय येतो आणि जातो, वॉर्डात मात्र स्ट्रोक, खुब्याचं फ्रॅक्चर, पार्किन्सन, शुगरमुळे पाय कापलेले, सगळे साठीच्या पुढचेच.

म्हणून लेक्चरची सिरीज लावू नका. आठवड्याला एक पेशंट निवडा, त्याच्या कॉटपाशी उभं राहून शिकवा, आणि प्रत्येक वेळी एकच सवय लावा. पोरं सवयीनं शिकतात, स्लाइडनं नाही.

सुरुवात कुठून करायची? पेशंटला काय पाहिजे तिथून. जेरियाट्रिक्सवाल्यांनी २०१७ मध्ये पाच एम मांडले, माइंड, मोबिलिटी, मेडिकेशन्स, मल्टिकॉम्प्लेक्सिटी (एकात एक गुंतलेले आजार) आणि मॅटर्स मोस्ट (पेशंटला सगळ्यात महत्त्वाचं काय). पोरं पहिले चार पटकन पाठ करतात आणि शेवटचा सोडून देतात, तर तुम्ही उलटं करा, शेवटच्यापासून सुरू करा. ज्युनियरला सांगा की हातपाय तपासायच्या आधी आज्जींना विचार, बरं झाल्यावर काय करायचंय तुम्हाला? आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत फाईलला लिही. फाईलमध्ये आधी लिहिलेलं असतं "इम्प्रूव्ह गेट, इम्प्रूव्ह बॅलन्स", म्हणजे चाल सुधारा, तोल सुधारा. आज्जी म्हणतात, खाली बसून भाकरी थापायचीय. आजोबा म्हणतात, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जाऊन नंदीध्वज बघायचेत. कुणी म्हणतं एसटीनं पंढरपूरला जायचंय. आता बघा व्यायाम किती बदलतो. भाकरीसाठी जमिनीवर बसणं आणि जमिनीवरून उठणं शिकवायला लागेल, एसटीसाठी उंच पायरी आणि हातानं दांडा ओढून वर चढायची ताकद, नंदीध्वजांसाठी गर्दीत धक्का लागला तर तोल सावरणं आणि बराच वेळ उभं राहणं. ज्युनियरला ही जोडणी त्याची त्याला करू द्या, तुम्ही लगेच सांगू नका.

उभ्याचं बीपी

मला एकच सवय लावायला दिली तर मी ही लावेन. पेशंटला ५ मिनिटं आडवं झोपवायचं, बीपी घ्यायचं, उभं करायचं, १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी परत घ्यायचं. वरचं २० नं किंवा खालचं १० नं पडलं तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, उभं राहिल्यावर पडणारं बीपी. सगळ्यांना व्याख्या येते, करत कुणीच नाही, कारण वॉर्डात बीपी बसून घ्यायची पद्धत पडलेली आहे.

शिकवताना मी एक नमुना केस ठेवतो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आज्जी, वय ७८, तिसऱ्या दिवसापासून वॉकर देऊन उभं केलं की दोन पावलांत कॉटवर परत बसतात. तीन दिवस असंच चाललंय. फाईलमध्ये शेरा "नॉन-कोऑपरेटिव्ह". मुलगा पण वैतागलेला, म्हणतो आई आधीपासूनच हट्टी आहे. आडवं असताना बीपी १३८, उभं केल्यावर पहिल्याच मिनिटात १०४, आणि आज्जी हळू आवाजात म्हणतात, "चक्कर येलालीय ओ डॉक्टर." तीन दिवस कुणी विचारलंच नव्हतं की का बसता. पुढं पिशवीत बघितलं तर बीपीची लघवी होणारी गोळी चालूच, ऑपरेशननंतर जेवण अर्धं झालेलं, पाणी कमी कारण लघवीला जायला लागू नये म्हणून त्या स्वतःच पीत नव्हत्या, आणि हिमोग्लोबिन कमी. केस इथं थांबवा आणि पोरांना विचारा, आता व्यायाम बदलायचा का? कुणीतरी म्हणेलच की थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) कमी करू. मग परत पहिल्यापासून वाचायला लावा.

आणि तो "नॉन-कोऑपरेटिव्ह" शब्द फाईलमध्ये लिहायला सरळ बंदी घाला. त्याच्या जागी काय झालं ते लिहायचं: दोन पावलं चालल्या, चक्कर आली म्हणाल्या, बसल्या, बीपी इतकं. इतकं लिहिलं की पुढचा डॉक्टर विचार करायला लागतो.

आपल्याकडचा उन्हाळा इथं वेगळा शिकवायला लागतो. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो, म्हाताऱ्यांना तहान मुळातच कमी लागते, त्यात डाययुरेटिक (लघवी होणारी गोळी), प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, कुणाला बीपीची प्राझोसिन, आणि थेरपीचा स्लॉट दुपारी जेवणानंतर ३ चा. जेवणानंतर म्हाताऱ्यांचं बीपी तसंही पडतं. उन्हाळ्यात सत्तरीच्या पुढच्यांची थेरपी सकाळीच ठेवायची, एवढा एक बदल डिपार्टमेंटनं केला तरी खूप झालं.

पिशवी टेबलावर ओता

दुसरी सवय. पेशंटच्या नातेवाइकाला सांगायचं की घरातल्या सगळ्या गोळ्या, डबे, पुड्या, तेलं, जे काय असेल ते पिशवीत भरून आणा, आणि ज्युनियरनं ती पिशवी टेबलावर ओतून एकेक गोळी हातात घेऊन विचारायचं, ही कशासाठी, कुणी दिली, कधीपासून, आज सकाळी घेतली का. प्रिस्क्रिप्शन वाचून हे कळत नाही. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावानं दोनदा चालू असते, मेडिकलवाल्यानं दिलेली दुखण्याची गोळी रोज चालू असते, आणि गावाकडनं आणलेल्या कागदाच्या पुड्या असतात ज्यात काय आहे कुणालाच माहीत नसतं. त्या पुड्यांवर रागवायचं नाही, रागावलं की पुढच्या वेळी पिशवीतून फक्त त्याच गायब होतात.

इथं बीअर्स क्रायटेरिया शिकवा, म्हणजे म्हाताऱ्यांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी. १९९१ मध्ये पहिल्यांदा आले, अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनं २०२३ मध्ये नवीन केलेत. अख्खी यादी पाठ करायची गरज नाही. रिहॅबच्या डॉक्टरनं आधी स्वतः लिहून देतो त्या औषधांकडे बघावं: बॅक्लोफेन, टिझॅनिडीन, अमिट्रिप्टिलिन, प्रिगॅबालिन, ट्रामाडॉल. यातली कुठलीही म्हाताऱ्या माणसाला झोपाळू करू शकते, गोंधळात टाकू शकते, पाडू शकते. स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) कमी झाली आणि पेशंट पडला तर काय मिळवलं? बाकी झोपेची अल्प्राझोलाम, सर्दीच्या गोळीतली जुनी अँटिहिस्टामाइन्स, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, शुगरसाठी ग्लिबेनक्लामाइड, एवढ्यांवर नजर बसली तरी पुष्कळ. आणि झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर एका दिवसात बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, हे पण त्याच वेळी सांगा, कारण ज्युनियर उत्साहात सगळंच कापतात.

मग फळ्यावर एक गणित करून घ्या. आज्जी ८० वर्षांच्या, वजन ४० किलो, क्रिएटिनिन १.०. लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल. किडनी किती काम करते ते कॉक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रानं काढायचं: १४० मधून ८० वजा केले ६०, गुणिले ४० म्हणजे २४००, भागिले ७२ गुणिले १.० म्हणजे साधारण ३३, बाई आहेत म्हणून गुणिले ०.८५, आलं २८. किडनी नॉर्मलच्या आसपास पण नाही. प्रिगॅबालिन या आकड्याला तरुण माणसाच्या डोसनं द्यायचीच नाही, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या तर लांबच ठेवायच्या. हे गणित एकदा स्वतःच्या हातानं केलं की "क्रिएटिनिन नॉर्मल आहे सर" हे वाक्य ऐकू येणं कमी होतं.

गोंधळलेला माणूस आणि गप्प माणूस

रात्री ओरडणारे, सलाईन ओढणारे आजोबा सगळ्यांना दिसतात, त्यांच्यासाठी कॉल पण येतो. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले आजोबा कुणाला दिसत नाहीत, उलट सिस्टर म्हणतात एकदम शांत पेशंट. हा पण डेलिरियम, म्हणजे आजारात अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो, आणि हाच जास्त निसटतो. ज्युनियरना फोर-ए-टी ही डेलिरियमची छोटी चाचणी शिकवा, दोन मिनिटांत होते, वेगळं ट्रेनिंग लागत नाही, ४ किंवा जास्त आले तर डेलिरियम धरून कारण शोधायला लागायचं. त्यात महिने उलटे म्हणायला सांगतात. जे शाळेतच गेलेले नाहीत त्यांना डिसेंबर-नोव्हेंबर विचारून नापास करू नका, आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा आणि तसं फाईलला लिहा. घरच्यांना एकच प्रश्न विचारायचा, "कालपेक्षा, परवापेक्षा आज वेगळे वाटतात का?" वर्षभर हळूहळू विसरायला लागलेत आणि परवापासून एकदम विचित्र वागायला लागलेत, या दोन्हीत फरक आहे, आणि दुसरं असेल तर ती इमर्जन्सी समजायची.

कारणं शोधायची तर आधी साधी: लघवी तुंबलीय का, संडास किती दिवस झाला नाही, दुखतंय का, रक्तातलं सोडियम, इन्फेक्शन, नवीन चालू केलेलं औषध. चष्मा आणि कानाचं मशीन घरी कपाटात ठेवून आलेत का. कॅथेटर गरज नसताना राहिलाय का. आणि रिहॅबच्या डॉक्टरला हे ठासून सांगा की डेलिरियम आहे म्हणून चालवणं थांबवायचं नसतं. छोटी सेशन करा, तोच थेरपिस्ट रोज, दिवसा खिडकी उघडी, रात्री घरातलं ओळखीचं माणूस शेजारी.

कान, डोळे, हात

सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर पॉवरलूमवर काम केलेली माणसं आहेत. मागाच्या आवाजात उभी राहिलेली माणसं म्हातारपणी ऐकू कमी येऊन आपल्याकडे येतात, डॉक्टर पाठीमागून घाईत सूचना देतो, ते नुसती मान हलवतात आणि आपण लिहितो "समजत नाही". त्यातल्या बऱ्याच जणांची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांची कन्नड. बाहेरून आलेल्या रेसिडेंटला दुखतं, चक्कर, लघवी, उठा, बसा, हळू, भिऊ नका एवढे शब्द दोन्ही भाषांत पाठ करायला लावा, आणि थेरपीच्या खोलीतला फॅन बंद करून समोर बसून बोलायला शिकवा. ओरडायचं नाही, जाड आवाजात हळू बोलायचं.

याच्यासाठी एक तासाचा प्रयोग आहे, खर्च काही नाही. ज्युनियरच्या दोन्ही कानात कापूस, डोळ्याला पोहायचा गॉगल आणि त्याच्या काचेला व्हॅसलीन, हातात दोन-दोन सर्जिकल ग्लोव्हज, बुटात मूठभर ज्वारी. आता त्याला सांगायचं की स्ट्रिपमधून अर्धी गोळी काढ, शर्टची बटणं लाव, फॉर्म भर, ओपीडीतून एक्स-रेपर्यंत जाऊन ये. बाकीच्यांनी त्याला आपण पेशंटशी बोलतो त्याच स्पीडनं सूचना द्यायच्या. सुरुवातीला हसतील, हसू द्या, पण तो जिन्यापाशी थांबला की हसणं आपोआप थांबतं, आणि मग लगेच बसून प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची जी उद्यापासून तो ओपीडीत बदलणार आहे. प्रयोगानंतरची ही चर्चा सोडलीत तर नुसती गंमत होऊन जाते.

मोजायचं काय

टेस्ट पाचपन्नास आहेत, सगळ्या शिकवू नका. टाइम्ड अप अँड गो शिकवा: हात असलेली खुर्ची, ३ मीटरवर पट्टी, उठायचं चालायचं वळायचं परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरायचा. फक्त सेकंद नाही, वळताना काय झालं ते बघायला लावा, पार्किन्सन तिथंच दिसतो. स्नायू कमी झालेत का बघायला २०१९ चे आशियाई निकष सोपे आहेत, पोटरीचा घेर पुरुषात ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी, बाईत ३३ पेक्षा कमी असेल तर पुढं तपासायचं, हाताची पकड पुरुषात २८ किलो आणि बाईत १८ किलोच्या खाली म्हणजे कमजोर, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाचदा उठायला १२ सेकंद किंवा जास्त. ज्यांच्याकडे ग्रिप मीटर नाही त्यांनी शिंप्याची टेप आणि खुर्ची यावर भागवावं, मस्त भागतं.

आता व्यायामाचा डोस, आणि इथं मला खरंच कळकळीनं सांगायचंय. आपण म्हाताऱ्यांना फार कमी व्यायाम देतो. वय ७५ दिसलं की पाय वरखाली करा, गुडघा दाबून धरा, दहा-दहा वेळा, आणि सहा महिने तेच. १९९० मध्ये बोस्टनच्या एका अभ्यासात नव्वदीतल्या, नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या माणसांना ८ आठवडे चांगलं वजन देऊन मांडीचा व्यायाम दिला आणि ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या! आणि दुसऱ्या बाजूला २००७ च्या अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना नुसतं १० दिवस झोपवून ठेवलं तर पायाचं जवळपास १ किलो मांस गेलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. मग ज्युनियरला सांगा की शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत इतकं वजन दे, दर आठवड्याला परत बघ, वाढव. बीटा-ब्लॉकरवर असलेल्याची नाडी बघून मेहनत ठरवायची नाही, ती पुरेशी वाढत नाही, बोर्ग स्केल (किती दमलो ते पेशंटनंच आकड्यात सांगायचं) वापर किंवा बोलताना धाप लागते का ते बघ. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन उपाशी आलाय का हे सुरू करायच्या आधी विचार, श्रावणात तर रोज विचार.

ताकद वाढायची तर पोटात काहीतरी पाहिजे. म्हाताऱ्यांना वजनाच्या किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, आजारातून उठताना आणखी जास्त, किडनी बिघडलेली असेल तर आधी फिजिशियनला विचारून. ५० किलोच्या आज्जींना ५० ते ६० ग्रॅम. ज्युनियरला कालच्या जेवणाचा हिशोब करायला लावा: सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून, रात्री थोडा भात. दात नाहीत, कडक भाकरी चावत नाही, कवळी दुखते म्हणून डब्यात. मग पर्याय घरातलाच शोधायचा. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७ च्या आसपास, कपभर दुधात तेवढंच. आपल्याकडे शेंगाचटणी प्रत्येक घरात असते, तीच दह्यात कालवून भाकरीबरोबर द्या म्हणलं की आज्जी खातात. प्रोटीन पावडरचा डबा लिहून दिला तर तो नातवंडं संपवतात.

एकदा तरी घरी न्या

प्रत्येक ज्युनियरनं त्याच्या पोस्टिंगमध्ये निदान एका पेशंटच्या घरी जावं. परवानगी विचारून, बरोबर फिजिओ किंवा सोशल वर्कर घेऊन. कुंभारीच्या विडी कामगार घरकुलात जा नाहीतर पेठेतल्या जुन्या वाड्यात. सांगून ठेवा की पेशंटच्या कॉटवर बस आणि रात्री दोनला लघवीला जायचंय असं समजून तिथपर्यंत चालत जा. मग दिसतं: उंबरठा, मध्येच ठेवलेल्या पाण्याच्या बादल्या आणि पिंप कारण पाणी रोज येत नाही, ओली शहाबादी फरशी, बल्बचं बटण दाराच्या पलीकडं, संडास उकिडवं बसायचा आणि धरायला काहीच नाही. नवीन गुडघा बसवलेल्या बाईला आपण उकिडवं बसू नका सांगून घरी पाठवतो, आणि घरात दुसरी सोयच नसते. उपाय बहुतेक स्वस्त असतात, कमोडची खुर्ची, भिंतीला एक दांडा, पाण्याची पिंपं दुसऱ्या भिंतीला, रात्रभर एक छोटा दिवा. काठी पण घरीच बघा. बाजारातून आणलेली काठी बहुतेक लांब असते आणि दुखणाऱ्या पायाच्याच बाजूला धरलेली असते. ती दुसऱ्या हातात द्यायची, आणि हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत उंची ठेवून कापायची.

घरात सांभाळणारं कोण ते पण तिथंच कळतं. बहुतेक सून किंवा म्हातारी बायकोच. सगळं ट्रेनिंग आपण हॉस्पिटलमध्ये मुलाला देतो आणि उचलायचं काम सुनेला पडतं, तर कॉटवरून खुर्चीत कसं घ्यायचं ते तिला शिकवा, आणि तिला झोप मिळते का विचारा. पेशंटशी आधी बोलायचं, घरच्यांशी नंतर, आणि थोडा वेळ पेशंटशी एकटं बोलायचं. उपासमार, मारहाण, पेन्शन काढून घेणं असलं काही वाटलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे आणि २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, ज्युनियरला दोन्ही माहीत पाहिजेत. तसंच ७० च्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर आहे, आणि गरीब घरातल्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, वॉकर, चष्मा, कानाचं मशीन, कवळी, व्हीलचेअर मिळू शकते. हे सांगणं डॉक्टरचं काम नाही असं म्हणणाऱ्या ज्युनियरला विचारा की मग वॉकर लिहून दिलास तो घेणार कशातून.

शिकवलेलं उतरलं का हे लेखी परीक्षेनं कळत नाही. शिकवायला सुरू करायच्या आधी साठीच्या पुढच्या पेशंटच्या शेवटच्या १० फाईली काढा आणि पाचच गोष्टी शोधा: पेशंटचं ध्येय त्याच्या शब्दांत आहे का, उभ्याचं बीपी आहे का, घरातल्या सगळ्या औषधांची यादी आहे का, डोकं ताळ्यावर आहे का हे तपासलंय का, घरच्या संडासाबद्दल एक ओळ आहे का. तीन महिन्यांनी परत १० काढा. फाईली काढायचं काम ज्युनियरलाच द्या, एकमेकांच्या. आकडे डिपार्टमेंटच्या बोर्डवर लावा, नावं लावू नका, आणि जी गोष्ट सगळ्यात कमी सापडली तिच्यापासून पुढची बॅच सुरू करा.